औषध मारलेला पालक

शेणाची पाटी मी वर्गाच्या दारात ठेवली, तेव्हा सहावीच्या बेचाळीस पोरांनी एका सुरात ‘शी’ म्हटलं. एकानं दप्तर नाकाला लावलं. दोघी बाकाखाली शिरल्या. तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठून खिडकीशी गेली आणि तिथंच ओकली. शेण ताजं होतं हे खरं, पण शेणच होतं, दुसरं काही नव्हतं. मी चाकूर तालुक्यातल्या एका खेड्यात वाढले. सकाळी उठून बादलीत हात घालून सड्याचं शेण कालवायचं, हात धुवायचे आणि भाकरी खायला बसायचं, यात कुणाला काही वाटण्यासारखं असतं हे मला लातुरात नोकरी लागेपर्यंत माहीत नव्हतं. त्या दिवशी पोरांना शेणाची किळस आली आणि मला पोरांची. लेकरांची किळस येणं शिक्षिकेला शोभत नाही, पण आली.

आमची शाळा लातुरातली, सेमी-इंग्रजी, सकाळच्या वेळेची. गेटसमोर शिकवणी वर्गांचे इतके फलक आहेत, की पहिल्या आलेल्या पोरांचे हसरे चेहरे ओलांडल्याशिवाय आत पाऊल टाकता येत नाही. मी तिथं विज्ञान शिकवते. परसबागेचं काम माझ्या गळ्यात पडलं ते मुख्याध्यापकांमुळे. शाळांच्या परसबागांची स्पर्धा आहे असं पत्र आलं आणि सरांनी मला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, “मॅडम, तुम्ही खेड्यातल्या. तुम्हाला जमेल हे.” पहिलं बी पडायच्या आत त्यांनी ‘माझी शाळा, माझी परसबाग’ असा फ्लेक्स करून आणला. त्यावर टोमॅटो, ढोबळी मिरची आणि स्वतः सर. आमच्या बागेत ढोबळी मिरची शेवटपर्यंत लागली नाही, सर मात्र पहिल्या दिवसापासून होते.

जागा मिळाली ती मुतारीची भिंत आणि स्कूल बस उभ्या राहतात ती जागा यांच्या मधला पट्टा. वर मुरूम, खाली विटांचे तुकडे आणि सगळीकडं गुटख्याच्या पुड्या. पुड्या कुणाच्या म्हणून विचारलं, तर सगळे शिक्षक आभाळाकडं बघायला लागले. आमचे शिपाई मामा मूळचे जळकोटकडचे. त्यांनी आणि मी मिळून चार शनिवार तो पट्टा उपसला, ट्रॉलीभर काळी माती आणून टाकली, शेणखत कालवलं आणि वाफे पाडले. मामांच्या हातात खोरं असं चालायचं, की त्यांनी इतकी वर्षं घंटा वाजवण्यात घालवली याचं मला वाईट वाटायचं.

पालकसभेत मी परसबागेचं सांगितलं. एका वडिलांनी हात वर केला. “मॅडम, हे नीटच्या परीक्षेला येतं का?” मी म्हटलं, वनस्पतीशास्त्र येतं. “मग पुस्तकातलं शिकवा की. मातीत कशाला घालायलात लेकरांना?” माणूस हसत बोलत होता आणि आजूबाजूचे मान हलवत होते. या माणसाच्या आजोबांचं अख्खं आयुष्य मातीत गेलेलं असणार, हे त्याच्या आडनावावरून आणि बोलण्यावरून मला कळत होतं. एका आईनं मुलाबरोबर प्लॅस्टिकचे हातमोजे पाठवले. दुसरीनं ओल्या सुगंधी टिश्यूंचं पाकीट. पहिल्या तासाला पोरं दोन बोटांनी माती उचलायची आणि लगेच टिश्यूनं बोटं पुसायची. तास संपल्यावर वाफ्यात बी कमी आणि टिश्यू जास्त होते. ते गुलाबी वासाचे बोळे मी एकेक करून उचलले. शेणाचा वास मला कधी नकोसा झाला नाही, पण त्या गुलाबी वासानं त्या दिवशी माझं डोकं उठलं.

ओकलेली मुलगी दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत माझ्यापुढं येऊन उभी राहिली.

“मॅडम, सॉरी. मला वास सहन न्हाई झाला.”

“मग तू बागेच्या तासाला वर्गात बसत जा.” मी जरा तोडूनच बोलले.

“न्हाई. मला पालक लावायचाय.”

“पालकच का?”

“धाकटीला रक्त कमी हाय. डॉक्टर म्हणले पालक द्या. आई आणती बाजारातून, पण ती तोंडच उघडत न्हाई. मी लावलेला खाईल ती. तिनं कबूल केलंय.”

धाकटी म्हणजे तिची चार वर्षांची बहीण. घरी आई शिवणकाम करायची, वडील बाहेरगावी कामाला होते. एवढं सगळं सांगून ती मुलगी माझ्या तोंडाकडं बघत राहिली. आदल्या दिवशी मला तिची किळस आली होती याची मला लाज वाटली.

पहिला आठवडा तिनं नाकाला रुमाल बांधून काम केलं. मग रुमाल गळ्यात आला, आणि मग तो घरीच राहायला लागला. शेणखताची ढेकळं हातानं फोडणारी ती वर्गातली पहिली. तिचं बघून बाकीचेही हळूहळू हात घालायला लागले. ‘शी’ म्हणणं बंद झालं नाही, पण आता ‘शी’ म्हणून हसायचे आणि काम करायचे. तिनं पालकाची एक ओळ आपली म्हणून धरली आणि ओळीच्या दोन्ही टोकांना आइस्क्रीमच्या काड्या रोवल्या. काडीवर पेनानं धाकटीचं नाव लिहिलं होतं.

पाण्याची एक पद्धत आम्ही बसवली होती. लातुरात झाडाला नळीनं पाणी सोडलेलं कुणी बघितलं, तर बघणारा थांबून चार शब्द सुनावूनच पुढं जातो. म्हणून शाळा सुटताना प्रत्येकानं आपल्या बाटलीतलं उरलेलं पाणी आपापल्या ओळीला घालायचं. आधी ही पोरं उरलेलं पाणी गटारात ओतून घरी जायची. ज्या शहरानं प्यायच्या पाण्यासाठी रांगा लावल्या, त्या शहरातली पोरं. ती मुलगी मात्र सकाळभर घोट घोट पुरवून पाणी प्यायची, म्हणजे शाळा सुटताना बाटली अर्धी तरी उरावी. मी तिला रागावले, की तहान मारू नकोस. ती म्हणाली, “मला लागतच न्हाई मॅडम.”

पालक उगवला. वांग्याची रोपं धरली. मेथी तर अशी आली, की मामा रोज एकदा उगीचच तिच्याजवळ जाऊन उभे राहायचे. आणि मला बढाई मारायची सवय लागली. मी पोरांना सांगायचे, बाजारातल्या भाजीवर काय काय मारलेलं असतं ते तुम्हाला माहीत नाही. आपल्या बागेतलं पान तोडायचं आणि सरळ तोंडात टाकायचं, धुवायचीसुद्धा गरज नाही. एक दिवस मी घरून मीठ नेलं, मेथीची आणि पालकाची कोवळी पानं तोडली, मीठ लावून पोरांना दिली. अर्ध्यांनी तोंडं वाकडी केली, पण खाल्ली. तिनं आपलं पान खाल्लं नाही, वहीत ठेवून घरी नेलं. दुसऱ्या दिवशी सांगायला आली, “खाल्लं तिनं! मीठ लावून खाल्लं!” सरांनी नेमका त्या वेळी फोटो काढला आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. ‘पालक ग्रुप’ या नावावर पोरं फिदीफिदी हसायची, म्हणायची, सर भाजीला मेसेज करतात.

मग अळी आली. वांग्याचे शेंडे सुकले आणि पालकाच्या पानांना भोकं पडायला लागली. पोरांनी पुन्हा ‘शी’चा कोरस धरला. मी त्यांना हातानं अळ्या वेचायला लावलं. मामांनी गावाकडून वाळलेल्या निंबोळ्या आणल्या, कुटल्या, रात्रभर भिजवल्या आणि फडक्यातून गाळून तो अर्क बाटलीत भरला. मी बाटली घेऊन बागेत गेले.

“मॅडम, बाटलीत काय हाय?”

“औषध,” मी म्हटलं.

“झाडाला ताप आला का?” एकानं विचारलं आणि सगळा वर्ग खिदळला.

मलाही चेव आला. मी बाटलीत बोट बुडवलं आणि सगळ्यांसमोर चाटलं. मरणाचं कडू. माझं तोंड जे झालं त्यावर पोरं लोळून हसली. “बघा,” मी म्हटलं, “झालं का मला काही? आपल्या बागेतलं औषध असंच असतं.” मग काय, चाटायला रांग लागली. ती मुलगीही रांगेत होती. तिनं चाटलं आणि तोंडही वाकडं केलं नाही. मला त्या वेळी स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं. एका तासात पोरांच्या मनातली भीती घालवली, असं मी घरी जाऊन सांगितलंसुद्धा.

स्पर्धेची समिती सोमवारी येणार असं ठरलं. त्याच्या आदल्या आठवड्याच्या शेवटी मला तीन दिवसांच्या प्रशिक्षणाला नांदेडला जायचं होतं. निघताना मी सरांना बाग दाखवली. आठ-दहा वांगी किडली होती, पालकाला थोडी भोकं होती. सर म्हणाले, “हे समितीला दिसायला नको.” मी म्हटलं, “सर, दिसू द्या. अळी खाते म्हणजे लेकरं पण खाऊ शकतात. विष नाही याचा तोच पुरावा आहे.” सर हसले. मोठ्या माणसानं लहान मुलाच्या बोलण्याला हसावं तसं हसले. मला तेव्हाच कळायला हवं होतं.

नांदेडच्या प्रशिक्षणाबद्दल न बोललेलं बरं. थंडगार हॉलमध्ये पडद्यावर पालेभाज्यांचे फोटो बघितले, पाहुण्यांना प्लॅस्टिकच्या फुलांचे गुच्छ दिले, आणि तिन्ही दिवस जेवायला पनीर. एकाही ताटात हिरवं पान नव्हतं. रविवारी नांदेडलाच बहिणीकडं राहिले आणि सोमवारी पहाटेची एसटी धरली. ती अहमदपूरच्या पुढं बंद पडली. दुसऱ्या गाडीत उभ्यानं आले. शाळेत पोचायला पाऊण वाजला. शाळा साडेबाराला सुटली होती.

गेटमधून आत आले आणि वास आला. तो वास मी आंधळी झाले तरी ओळखेन. वडील कापसावर, तुरीवर फवारा मारून यायचे तेव्हा त्यांच्या अंगाला यायचा. ते आधी आडावर जायचे, अंग घासायचे, कपडे वेगळे टाकायचे, मग आम्हाला जवळ घ्यायचे. घशाच्या मागं चिकटून बसणारा, गोडसर, घाणेरडा वास. मी पळतच मागं गेले. वांग्याची पानं पुसून ठेवल्यासारखी चमकत होती. पालकाचा वाफा जवळजवळ रिकामा होता. आइस्क्रीमच्या काड्या तेवढ्या उभ्या होत्या.

मामा झाडू मारत होते.

“मामा, काय मारलं हे?”

“औषध मारलं मॅडम. काल. सरांनी त्या खताच्या दुकानवाल्या साहेबांना बोलिवलं होतं. त्यांनीच पंप आणला, त्यांनीच मारलं.” दुकानवाले साहेब म्हणजे आमच्याच एका विद्यार्थ्याचे वडील.

“आणि पालक कुठं गेला?”

“सरांनी वाटला की पोरास्नी. समिती गेल्यावर. प्रत्येकाला पिशवी दिली, फोटू काढले.” मामांनी झाडू खाली ठेवला. “पर मी सांगितलं मॅडम समद्यांना. त्या कडच्या दोन वाफ्याला पंप पुरला न्हवता. म्हणलं, तिकडचं घ्या, ह्या बाजूला औषध मारलेलं हाय.”

माझा जीव जरा भांड्यात पडला. मग मामाच म्हणाले, “तुमची ती पालकवाली पोरगी न्हाई का, तिनं दोनदा इचारलं. मामा, औषधाचा कुठला? मी दाखिवलं, हा बघ. मला वाटलं टाळाया इचारायली. मागं वळून बघतो, तर पोरीनं त्योच भरला पिशवीत. मी हाळी दिली, तर पळता पळता म्हणती, धाकटीला औषधाचाच पायजे, आन् गेटाभाईर.”

मी वाफ्याच्या कडेवर बसले. मामांची काही चूक नव्हती. आमच्याकडं कुणी नुसतं ‘औषध मारलंय’ म्हटलं, की गुराखी जनावरं वळवतो, बाया बांध सोडून लांबून जातात. त्याच्यापुढं कुणाला काही सांगावं लागत नाही. त्या शब्दातच भीती असते. मी त्याच शब्दात वाढले, आणि इतकी वाढले, की तो शब्द इतरांना निराळा ऐकू येतो हे विसरून गेले. या पोरांना औषध माहीत होतं ते मेडिकलमधलं, ताप उतरवणारं. आणि दुसरं माहीत होतं ते मी बोटानं चाटून दाखवलेलं.

केबिनमध्ये समितीच्या चहाचे कप अजून पडले होते. अर्धवट खाल्लेल्या बिस्किटांवर माश्या बसत होत्या. सर खुशीत होते.

“या मॅडम! समिती एकदम खूश. म्हणाले, एवढी टवटवीत बाग कुठंच बघितली नाही.”

“सर, काल फवारा मारलात आणि आज पोरांना खायला दिलंत?”

“तिकडचं दिलंय, कडेचं. आणि थोडंफार गेलं असलं तरी काय होतंय? बाजारातली भाजी काय बिनऔषधाची असते? तीच खातो ना आपण रोज?”

मी त्या मुलीच्या घरी फोन लावला, कुणी उचलला नाही. मग पालक ग्रुपवर लिहिलं: आज दिलेल्या भाजीवर औषध मारलेले आहे. कुणीही खाऊ नये, टाकून द्यावी. दोनदा वाचून पाठवलं. सरांचा फोन टेबलावर वाजला. ग्रुपचे ॲडमिन तेच. त्यांनी वाचलं, अंगठा दाबून धरला, आणि माझ्या डोळ्यांसमोर माझा मेसेज ग्रुपवरून नाहीसा झाला.

“निकाल लागेपर्यंत थांबा ना मॅडम,” ते म्हणाले. आवाजात विनंती होती. “शाळेचं नाव आहे.”

त्या माणसाच्या तोंडावर थुंकावं असं मला वाटलं. मी हे शब्द विचार करून लिहिते आहे. शेणानं ओकणारी पोरं मी बघितली होती, पण ओकावं असं मला आयुष्यात पहिल्यांदा त्या केबिनमध्ये वाटलं. मी बाहेर आले. निघताना बाकीच्या पालकांना एकेकाला फोन करायला वर्गाची यादी मामांच्या हातात दिली आणि म्हटलं, औषध म्हणू नका मामा, विष म्हणा. आणि रिक्षा केली.

त्यांचं घर म्हणजे गल्लीच्या टोकाच्या दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत शिलाई मशीन. आई शिवलेले ब्लाउज द्यायला गेली होती. दारातच ती मुलगी मला दिसली आणि तिचा चेहरा फुलला.

“मॅडम! खाल्ला तिनं! सात पानं खाल्ली, मीठ लावून. न धुता, तुम्ही म्हणल्यावानी.”

जमिनीवर स्टीलची ताटली होती. त्यात पालकाचे देठ आणि चिमूटभर मीठ. पलीकडं गोधडीवर धाकटी एका कुशीवर पडली होती. फ्रॉकचा पुढचा भाग ओला होता, तोंडातून लाळ गळत होती आणि कपाळावर घाम.

“थोडी उलटी झाली,” मुलगी म्हणाली. मग मला समजावण्याच्या सुरात पुढं, “औषधानं होती ना आधी. मग बरं वाटतं.”

मी धाकटीला उचललं. तिच्या तोंडाला तोच वास येत होता. “तू खाल्लास का?” मी ओरडलेच. तिनं दचकून मान हलवली. एकही पान खाल्लं नव्हतं, सगळा धाकटीसाठी ठेवला होता. शेजारणीला आईला निरोप द्यायला सांगून मी दोघींना घेऊन त्याच रिक्षात बसले. वाटेत धाकटी माझ्या साडीवर पुन्हा ओकली. हिरवं पाणी होतं. ती मुलगी आपल्या पाण्याच्या बाटलीतलं उरलेलं पाणी माझ्या पदरावर ओतून पदर धूत राहिली, रडत होती तरी धूत राहिली.

डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, “काय औषध पोटात गेलंय?” ती मुलगी माझ्याकडं बघायला लागली. मी दुकानवाल्या साहेबांना फोन लावून डब्याचं नाव विचारलं आणि डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी एक शिवी हासडली आणि आत गेले. तासाभरानं बाहेर येऊन म्हणाले, वेळेत आणलंत, वाचेल. तोवर आई आली होती. ती भांडली नाही, रडली नाही. भिंतीला टेकून उभी राहिली आणि मला एवढंच विचारलं, “मॅडम, तुम्हीच म्हणला होता ना पोरीला, धुवायची गरज न्हाई म्हणून?”

“हो,” मी म्हटलं.

संध्याकाळी दुकानवाले साहेब आले. दोन्ही हात जोडून दारातच थांबले. “आमच्या दुकानातलं सगळ्यात भारीतलं मारलो मॅडम. आपल्या शाळेसाठी म्हणून मारलो. मला काय म्हाईत, लगीच वाटतेत म्हणून?” स्वतः त्यांनी तोंडाला साधा रुमालही न बांधता फवारा मारला होता, दिवसभर डोकं धरलंय म्हणत होते. त्यांच्यावर मला रागावताच आलं नाही. सरांचं मात्र तसं नव्हतं. ते सफरचंदं घेऊन आले, खाटेजवळ दोन मिनिटं उभे राहिले आणि मला कोपऱ्यात नेऊन म्हणाले, “उलटी कशानं पण होते मॅडम. लहान लेकरू आहे.” ती सफरचंदंही चकचकीत होती. मी पिशवीसकट त्यांच्या हातात परत दिली.

तिसऱ्या दिवशी सकाळी निकाल लागला. आमच्या शाळेला बक्षीस मिळालं. ग्रुपवर सरांनी फोटो टाकला, त्यात रिकाम्या वाफ्यासमोर पोरं पिशव्या उंच धरून उभी होती, आणि मध्ये ती मुलगी, तोंडभर हसणारी. खाली पालकांचे अंगठे आणि टाळ्यांची माळ लागली होती. सभेत नीटचं विचारणाऱ्या वडिलांनी लिहिलं होतं, ‘स्तुत्य उपक्रम’. मामांचा फोन ज्यांना गेला होता, त्यातल्याही काहींनी अंगठे दिले होते. मी फोन पालथा घातला.

त्याच दुपारी धाकटीला घरी सोडायचं होतं. मी गेले, तेव्हा ती खाटेवर बसून पाय हलवत होती. ती मुलगी तिच्या पायाशी बसली होती. तीन दिवसांत ती माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. नर्स आली, आईच्या हातात कागद दिला, आणि रक्तवाढीच्या औषधाची एक तपकिरी बाटली. “रोज दोन वेळा एक चमचा. आत्ताचा एक इथंच द्या,” असं म्हणून नर्स निघून गेली. आईनं झाकण उघडलं, चमचा भरला आणि धाकटीच्या तोंडाजवळ नेला.

मुलीनं आईचा हात धरला. सांडू न देता चमचा आपल्या हातात घेतला आणि माझ्यासमोर आणून धरला.

“औषध हाय ना हे?” तिनं विचारलं. “आधी तुम्ही खाऊन दाखवा.”

मी तोंड उघडलं. तिनं चमचा आत घातला. औषध गोड होतं, मागून थोडी लोखंडाची चव. मी गिळलं आणि म्हटलं, “चांगलं आहे. दे तिला.”

तिनं मान हलवली नाही. बाटली आईकडून काढून घेतली, झाकण लावलं आणि मांडीवर ठेवली.

“थांबू थोडा वेळ,” ती आईला म्हणाली, आणि माझ्या तोंडाकडं बघत बसली.